नगरपरिषदेचे गिऱ्हाईक आणि पेढीचे भांडवल

तालुक्याच्या गावात सर्वांत मोठे गिऱ्हाईक कोणते, असे बाजारपेठेत विचारले तर कोणी साखर कारखान्याचे नाव घेईल, कोणी बाजार समितीचे. परंतु सुगी असो वा दुष्काळ, वर्षाचे बाराही महिने ज्याची खरेदी थांबत नाही, असे गिऱ्हाईक नगरपरिषद हेच होय. पिण्याचे पाणी शुद्ध करण्यासाठी तुरटी आणि टीसीएल पावडर, पथदिव्यांसाठी केबल आणि एलईडी दिवे, फुटलेल्या जलवाहिनीसाठी पाईप आणि व्हॉल्व्ह, घंटागाड्यांसाठी टायर आणि बॅटऱ्या, सफाई कामगारांसाठी झाडू, हातमोजे आणि गमबूट, कचेरीसाठी कागद, छापील नमुने आणि संगणकांची दुरुस्ती. यादी लिहिता लिहिता निम्मी बाजारपेठ तीत येऊन जाते. साहजिकच हार्डवेअर, विद्युत साहित्य, रसायने, स्टेशनरी किंवा छपाई यांचा व्यवसाय असलेल्या घराण्यासमोर हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतोच: नगरपरिषदेला माल द्यावा की देऊ नये?

या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे घरोघरी ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, सरकारी पैसा बुडत नाही. हात पोळलेली मंडळी म्हणतात, सरकारी पैसा वेळेवर मिळतही नाही. दोन्ही उत्तरे अर्धी आहेत. नगरपरिषद दिवाळे काढत नाही, रातोरात कुलूप लावून गाव सोडत नाही, हे खरे. पण ती पैसे केव्हा देईल हे दुकानदाराच्या हाती नसते, हेही तितकेच खरे. नगरपरिषदेला माल विकणारा व्यापारी मालाबरोबर आपले भांडवलही उधार देत असतो. मालाचा भाव तो विचारपूर्वक लावतो. उधार दिलेल्या दिवसांचा भाव लावायला मात्र विसरतो. या एका विसरण्यात चांगल्या चाललेल्या पेढ्या अडचणीत आल्याची उदाहरणे जिल्ह्याजिल्ह्यांत सापडतील.

सार्वजनिक कामांचा मक्ता जैन व्यापारी घराण्यांना परका नाही. सोलापूर येथे १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी घराण्याच्या पारंपरिक व्यापारापेक्षा वेगळी वाट धरली, ती लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत घेतलेल्या रेल्वेच्या कंत्राटांनी. पुढे भोर घाटातील बोगदे आणि तानसा तलावाचे पाणी मुंबईला आणणाऱ्या जलवाहिन्या अशी कामे त्यांच्या नावावर जमा झाली. जहाज, विमान आणि मोटार या उद्योगांमुळे त्यांचे नाव देशभर झाले, तरी उमेदवारी झाली ती कंत्राटाच्या हिशेबातच. एवढ्या मोठ्या कामांना हिशेबाची, कागदाची आणि भांडवलाच्या मर्यादेची जी शिस्त लागते, तीच लहान गावातल्या दहा टन तुरटीच्या पुरवठ्यालाही लागते.

गिऱ्हाइकाची तिजोरी

गिऱ्हाइकाची ऐपत पाहून उधारी द्यावी, हा पेढीचा जुना नियम. नगरपरिषदेची ऐपत पाहायची तर तिच्या तिजोरीत पैसा कोठून येतो हे आधी समजून घ्यावे लागते. महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमानुसार चालतो. लोकसंख्या १ लाखाहून अधिक असेल तर 'अ' वर्ग, ४० हजारांहून अधिक पण १ लाखापर्यंत असेल तर 'ब' वर्ग आणि त्याहून कमी असेल तर 'क' वर्ग. लहान नगरपरिषदेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि गाळ्यांचे भाडे. एकेकाळी जकात नाक्यावर रोजची रोख जमा होत असे. व्यापाऱ्यांना जकातीचा जाच होता, आणि १९९९ साली नगरपरिषदांची जकात बंद झाली तेव्हा बाजारपेठेने सुटकेचा निःश्वास सोडला. पण जकातीबरोबर नगरपरिषदेची रोजची आवकही गेली. आता तिजोरीचा मोठा भाग शासनाचे अनुदान आणि वित्त आयोगाचा निधी यांवर अवलंबून असतो आणि हा पैसा हप्त्याहप्त्याने येतो. जकातीच्या पावतीतून सुटलेला व्यापारी अशा रीतीने देयकाच्या प्रतीक्षेत अडकला.

आलेले अनुदानही सरसकट खर्च करता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळात दहा लाखांखालील लोकवस्तीच्या शहरांसाठी दिलेल्या निधीपैकी ६० टक्के निधी पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांसाठी राखून ठेवला होता. त्यामुळे एकाच नगरपरिषदेत टीसीएल पावडरीचे देयक महिन्यात निघते आणि स्टेशनरीचे देयक वर्षभर पडून राहते, असे घडू शकते. त्यात कोणाचा आकस असतोच असे नाही; दोन्ही देयकांची लेखाशीर्षे वेगळी असतात आणि एका शीर्षातील पैसा सहजासहजी दुसऱ्याकडे वळवता येत नाही. म्हणून दर काय मिळेल, याची चौकशी करण्याआधी व्यापाऱ्याने खर्च कोणत्या लेखाशीर्षातून होणार आहे आणि त्या शीर्षात शिल्लक आहे काय, याची चौकशी करावी. नगरपरिषदेचे अंदाजपत्रक हा गुप्त कागद नव्हे. सहज मिळाले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून ते मागता येते.

आर्थिक वर्षाची अखेर हाही जपून पाहण्याचा विषय आहे. ३१ मार्चच्या आत निधी खर्ची पडावा म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये घाईचे आदेश निघतात. माल पोहोचतो, पण देयक मार्चअखेरच्या ढिगात मागे राहिले तर ते नव्या वर्षाच्या तरतुदीची वाट पाहत बसते. घाईने घेतलेल्या मालाचे पैसे घाईने मिळत नाहीत, हा अनुभव जुन्या पुरवठादारांना चांगला परिचित आहे.

नफ्याला लागलेली दिवसांची गळती

एक साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, विद्युत साहित्याच्या एका दुकानदाराने नगरपरिषदेला ५ लाख रुपयांचा माल दिला. त्याची स्वतःची खरेदी ४ लाख ६० हजारांची. ढोबळ नफा ४० हजार, म्हणजे ८ टक्के. वाहतूक, हमाली, निविदा शुल्क, डिजिटल स्वाक्षरी, करारनाम्याचा मुद्रांक यांत १० हजार गेले असे धरले तर ३० हजार उरतात. वहीत हा व्यवहार नफ्याचाच दिसतो.

आता या व्यवहारात अडकलेले पैसे मोजावेत. खरेदीचे ४ लाख ६० हजार. त्यावर १८ टक्के दराने जीएसटी धरला तर घाऊक विक्रेत्याला दिलेले ८२ हजार ८००. विक्रीवरील जीएसटी ९० हजार. त्यातून खरेदीवरचा कर वजा जाऊन उरलेले ७ हजार २०० शासनाकडे भरावे लागतात. मालावरील जीएसटी बीजकाबरोबर देय होतो. गिऱ्हाइकाकडून पैसे आले की नाही, हे तो पाहत नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याला पुढील महिन्याच्या २० तारखेपर्यंत हा भरणा करावाच लागतो. सर्व मिळून ५ लाख ५० हजार रुपये बाहेर गेले. बँकेच्या कॅश क्रेडिट खात्यावर वर्षाला १२ टक्के व्याज धरले तर दरमहा ५ हजार ५०० रुपये. ३० हजारांचा नफा साडेपाच महिन्यांत व्याजातच संपतो. देयक आठव्या महिन्यात निघाले तर व्याज ४४ हजार होते आणि दुकानदाराने १४ हजार रुपये तोट्यात नगरपरिषदेची सेवा केलेली असते. घरचेच भांडवल वापरले म्हणून हा हिशेब टळत नाही. तेच पैसे दुकानात खेळते राहिले असते तर त्या आठ महिन्यांत दोन-तीनदा माल फिरला असता.

याशिवाय सुरक्षा अनामत वेगळी. करमूल्य वगळून अडीच लाखांहून अधिक रकमेच्या करारावर नगरपरिषद २ टक्के जीएसटी मुळातूनच कापून घेते. १ ऑक्टोबर २०१८ पासून ही कपात लागू आहे. ही रक्कम बुडत नाही, व्यापाऱ्याच्या रोख खातेवहीत जमा होते. मात्र त्यासाठी नगरपरिषदेने आपले विवरणपत्र वेळेवर भरलेले असावे लागते आणि व्यापाऱ्याने पोर्टलवर जाऊन ती रक्कम स्वीकारावी लागते. अनेक पेढ्यांत ही रक्कम कोणी पाहतच नाही.

सेवा पुरवणाऱ्यांची अडचण याहून तीव्र असते. सफाई, सुरक्षा किंवा संगणक चालकांचा पुरवठा करणाऱ्या ठेकेदाराला नगरपरिषदेचे देयक अडकले म्हणून कामगारांची मजुरी अडकवता येत नाही. भविष्य निर्वाह निधी आणि राज्य विमा यांचा भरणा दरमहा १५ तारखेपर्यंत करावाच लागतो. मालाच्या पुरवठादाराचे पैसे एकदाच गुंततात; मनुष्यबळाच्या ठेकेदाराचे दर महिन्याला नव्याने गुंततात. सहा महिन्यांच्या मजुरीएवढे भांडवल बाजूला नसेल त्याने या वाटेला जाऊ नये. कारण शेवटी उपासमार होते ती झाडू हातात घेणाऱ्याच्या घरी.

कायदा कोणाच्या बाजूने?

लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे मिळावेत असा कायदा आहे, मग व्यापाऱ्याने भ्यावे कशाला, असे कोणी विचारील. २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम खरोखरच तसे सांगतो. लेखी करार नसेल तर १५ दिवस आणि असला तरी ४५ दिवसांपेक्षा अधिक नाही. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. हे व्याज मागण्यासाठी सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते आणि नगरपरिषदही या कायद्याच्या कक्षेबाहेर नाही.

पण या संरक्षणाला एक मर्यादा आहे आणि ती नेमकी व्यापारी घराण्यांनाच लागू होते. २ जुलै २०२१ च्या आदेशाने किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली, पण तिचा लाभ बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरताच ठेवण्यात आला. विलंबित देयकांवरील व्याजाचे संरक्षण उत्पादक आणि सेवा पुरवठादार यांच्यासाठी आहे. दुसऱ्याचा माल घेऊन विकणारा व्यापारी उद्यम प्रमाणपत्र भिंतीवर लावून निर्धास्त बसला तर त्याची निराशा होईल.

याची दुसरी बाजू अधिक बोचरी आहे. हाच व्यापारी एखाद्या लघु उत्पादकाकडून दिवे किंवा पाईप घेतो तेव्हा त्याच्यावर मात्र ४५ दिवसांचे बंधन येते. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकरात केलेल्या बदलानुसार, सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत न दिल्यास तो खर्च त्या वर्षी वजावटीस पात्र ठरत नाही. प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच ठरतो. मार्चमध्ये नगरपरिषदेने देयक अडवले आणि म्हणून व्यापाऱ्याने उत्पादकाचे पैसे अडवले, तर न मिळालेल्या नफ्यावर कर भरण्याची पाळी येऊ शकते. खरेदीची मुदत आणि विक्रीची मुदत यांतील ही दरी निविदा भरण्यापूर्वीच आपल्या कर सल्लागाराबरोबर बसून मोजावी. आज कित्येक घरांत मुलगी, मुलगा किंवा सून चार्टर्ड अकाउंटंट असते. मग दर ठरवण्याच्या बैठकीत त्यांना बसवावे.

कागदांची साखळी

देयक का अडते याचा शोध घेतला तर पुष्कळदा एखादा छोटा कागद कमी असल्याचे आढळते. नगरपरिषदेच्या खरेदीची एक साखळी असते. विभागाची मागणी, प्रशासकीय मान्यता, दरपत्रके किंवा ई-निविदा, तुलनात्मक तक्ता, सक्षम समितीची किंवा अधिकाऱ्याची मंजुरी, पुरवठा आदेश, करारनामा, माल पोहोचल्याची भांडारपालाची सही, साठा नोंदवहीतील नोंद, तपासणीचा दाखला आणि शेवटी देयक. लेखापाल देयक हाती घेतो तेव्हा तो ही साखळी उलट्या दिशेने तपासत जातो. एक कडी नसली की फाईल परत फिरते. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला तर तो त्याला स्वतः उत्तरावा लागतो, हे लक्षात घेतले तर त्याच्या काटेकोरपणाचा राग येत नाही.

सर्वांत मोठा धोका तोंडी आदेशाचा. जलवाहिनी फुटलेली असते, गावात पाण्याची ओरड असते आणि रात्री नऊ वाजता निरोप येतो, पाईप पाठवा, आदेश नंतर काढू. अशा वेळी माल नाकारणे माणुसकीला धरून होत नाही आणि कोणी नाकारूही नये. पण माल देताना दोन ओळींचे मागणीपत्र, मागणाऱ्याचे नाव, पद आणि सही एवढे त्याच रात्री घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी मुख्याधिकाऱ्यांच्या नावे पत्र देऊन आवक शिक्का घ्यावा. लेखी आदेशाशिवाय दिलेल्या मालाचे पैसे मागण्यासाठी १८७२ च्या करार कायद्याच्या ७० व्या कलमाचा आधार मिळू शकतो. ज्याने दुसऱ्याच्या वस्तूचा लाभ घेतला त्याने मोबदला द्यावा, असे ते कलम सांगते. पण त्या कलमापर्यंत पोहोचायला न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. एक सही त्यापेक्षा स्वस्त पडते.

दुसरी गोष्ट मुदतीची. मुदत कायद्यानुसार विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा साधारणतः तीन वर्षांच्या आत करावा लागतो. साहेब बदलतात, नगराध्यक्ष बदलतात, फाईल या टेबलावरून त्या टेबलावर जाते आणि 'यंदा नक्की' म्हणता म्हणता तीन वर्षे सरतात. तीन वर्षांच्या आत नगरपरिषदेकडून येणे बाकी असल्याची लेखी, सहीची कबुली मिळाली तर मुदत त्या दिवसापासून पुन्हा मोजली जाते. म्हणून दर वर्षी मार्चनंतर बाकीचे पत्रक पाठवून त्यावर लेखा विभागाची सही आणि शिक्का मागावा. हा अविश्वास नव्हे. आपल्या वहीतील बाकी दुसऱ्याच्या वहीशी ताडून पाहणे हे तर पेढीचे जुनेच वळण आहे.

निविदेच्या खोलीतील मोह

ई-निविदा आल्यापासून कचेरीबाहेर घोटाळणारी गर्दी कमी झाली, पण नवे धोके आले. अनेक व्यापारी आपल्या डिजिटल स्वाक्षरीचे टोकन पासवर्डसह एखाद्या निविदा भरून देणाऱ्याकडे ठेवून मोकळे होतात. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने त्या स्वाक्षरीला हाताच्या सहीचे मोल दिले आहे. ते टोकन दुसऱ्याच्या खणात ठेवणे म्हणजे कोऱ्या धनादेशांचे सही केलेले पुस्तक ठेवणे. त्याच स्वाक्षरीने आपल्या नावावर दुसऱ्या गावात निविदा भरली गेली आणि बयाणा रक्कम जप्त होऊन काळ्या यादीत नाव गेले, तर 'ठाऊक नव्हते' हे उत्तर चालत नाही.

लहान खरेदीसाठी तीन दरपत्रके मागवण्याची पद्धत आहे. तेथे शेजारधर्माचा मोह उभा राहतो. एक दुकानदार दुसऱ्याला म्हणतो, 'भाऊ, तुमचे एक लेटरहेड द्या, दर जरा चढा लिहा.' मागणारा नात्यातला असतो, उद्या आपल्यालाही त्याची गरज लागेल असा विचार असतो आणि लेटरहेड दिले जाते. स्पर्धा कायदा, २००२ या प्रकाराला निविदेतील संगनमत म्हणतो आणि त्यासाठी जबर दंड सांगतो. ज्याने एक रुपयाही कमावला नाही तो शेजारीही या दोषात सामील ठरतो.

एकत्र कुटुंबांसाठी आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. थोरले बंधू नगरसेवक आणि धाकटे बंधू पुरवठादार, असे चित्र लहान गावांत नवे नाही. नगरपरिषदेच्या करारात सदस्याचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हिस्सा असेल, स्वतःचा किंवा भागीदाराचा, तर काही किरकोळ अपवाद सोडता तो सदस्यत्वास अपात्र ठरतो, असे १९६५ चा अधिनियम सांगतो. दुकान अविभक्त कुटुंबाचे किंवा भागीदारीचे असेल तर हिस्सा नाही असे म्हणणे अवघड होते. अशा घराने निवडणुकीचा अर्ज भरण्यापूर्वीच ठरवावे: गावाची सेवा सभागृहात करायची की दुकानातून. दोन्ही एकाच वेळी करण्याच्या प्रयत्नात पद जाते, आणि त्याहून अधिक म्हणजे तीन पिढ्यांनी मिळवलेला लौकिक जातो.

टक्केवारी आणि मालाचा कस

या विषयात ज्या गोष्टीची चर्चा हलक्या आवाजात होते, ती टक्केवारीची. देयक पुढे सरकावे म्हणून काही द्यावे लागते, असे कित्येक जण गृहीतच धरतात आणि दरात ते आधीच मिळवतात. २०१८ साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो आणि त्याला सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलीस किंवा तपास यंत्रणेला कळवणाऱ्याला संरक्षण आहे. मागणी होताच आधी कळवणे अधिक चांगले. राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

पण कायद्याच्या भीतीपलीकडेही एक साधा हिशेब आहे. टक्केवारी दिली की ती कोठून तरी काढावी लागते. व्याजात गेलेला नफाही कोठून तरी भरून काढावा लागतो. दर तर निविदेत बांधलेला असतो, म्हणून कात्री मालालाच लागते. ताज्या टीसीएल पावडरीत वजनाच्या साधारण एक तृतीयांश उपलब्ध क्लोरीन असते. उष्णता आणि दमट हवेत ते दिवसेंदिवस कमी होत जाते. जुना, ओल लागलेला साठा स्वस्तात मिळतो. पोते तेच, वजन तेच, बीजक तेच. फक्त पाण्याच्या टाकीत पडल्यावर त्याने जे काम करावे ते होत नाही. मग पावसाळ्यात गावात कावीळ आणि जुलाब यांची साथ पसरते आणि रुग्णालयाच्या रांगेत त्या दुकानाचे गिऱ्हाईकही उभे असते. नगरपरिषदेच्या नळाला येणारे पाणी पुरवठादाराच्या स्वयंपाकघरातही येते. बाजारपेठेतल्या मालमत्ता करातूनच पुरवठादाराचे पैसे निघत असतात. या व्यवहारात फसवणूक झाली तर फसणारा परगावचा नसतो.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत खोटी मापे, अस्सल मालाच्या जागी तसाच दिसणारा हलका माल देणे म्हणजेच प्रतिरूपक व्यवहार, आणि राज्याच्या नियमांचे उल्लंघन या तिन्ही गोष्टी शास्त्रकारांनी एकत्र घातल्या आहेत. व्यापाराच्या पेठेत राहून ज्यांनी माणसांचे व्यवहार पाहिले, त्यांनाच हे तीन दोष एकमेकांचा हात धरून येतात हे कळले असावे. सरकारी पुरवठ्यात तर एकाची सुरुवात झाली की बाकीचे दोन मागोमाग येतात.

यावर उपाय आहे आणि तो पुस्तकी नाही. उत्पादनाची तारीख पाहून पावडर थेट उत्पादकाकडून घ्यावी. वर्षाचा साठा एकदम न टाकता दरमहा हप्त्याने पुरवावा. प्रयोगशाळेचा अहवाल देयकाला जोडावा आणि पोती कोरड्या जागी फळ्यांवर ठेवण्याची सूचना भांडारपालाला लेखी द्यावी. वर्षभराच्या दरकराराची निविदा असेल तर पाईप आणि केबल यांसारख्या वस्तूंच्या किमती कच्च्या मालाबरोबर वरखाली होतात, हे ध्यानात घेऊनच दर भरावा. सर्वांत कमी दर भरून काम मिळवायचे आणि मग माल हलका करून भरून काढायचे, या मार्गापेक्षा निविदा हुकलेली बरी.

किती द्यावे, कोठे थांबावे

तर मग नगरपरिषदेला माल द्यावा काय? द्यावा, पण मापाने. पेढीच्या खेळत्या भांडवलापैकी किती भाग या गिऱ्हाइकाकडे अडकला तरी घरखर्च, मुलांचे शिक्षण आणि घाऊक विक्रेत्यांचे देणे थांबणार नाही, तो आकडा घरातील सर्वांनी बसून ठरवावा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. जुनी बाकी त्या आकड्याला टेकली की नवी निविदा भरू नये, मग आदेश कितीही मोठा असो. जुने देयक निघावे म्हणून नवा माल देत जाणे, हा या व्यवहारातील सर्वांत घातक फेरा होय. त्यात बाकी वाढते, व्याज वाढते आणि सोडून जाण्याची हिंमत मात्र कमी होत जाते.

दर भरताना किमान सहा महिन्यांचे व्याज त्यात धरावे. त्यामुळे काम हातचे गेले तर ते काम आपल्यासाठी नव्हतेच असे समजावे. ज्याने कमी दराने ते घेतले त्याच्याकडे एक तर भांडवल स्वस्त असेल किंवा हिशेब कच्चा असेल. पहिल्याशी स्पर्धा करता येत नाही आणि दुसऱ्याशी करू नये.

लहान गावात नगरपरिषदेला स्थानिक व्यापाऱ्याची गरज असते. रात्री फुटलेल्या जलवाहिनीसाठी मुंबईहून पाईप येत नाही. तो पेठेतल्या गोदामातूनच निघतो. गावाला उपयोगी पडण्याची ही संधी मोलाची आहे. ती टिकवायची तर माल कसदार, कागद पुरा आणि उधारी बेताची या तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ज्या पेढीने त्या सांभाळल्या, तिचे देयक कधी उशिरा निघाले असेल. पण वर्षअखेरीस वही मिटताना त्या घरातील कोणालाही झोप उडावी असे काही तीत लिहिलेले नसते.